तारा कुणी सैल केल्या

नोहेआच्या हातात तो कागद पडला तेव्हा, वडिलांना जाऊन वर्ष झाले म्हणून घातलेल्या पंगतीचे डुक्कर अजून जमिनीखालच्या भट्टीत शिजत होते. तिच्या थोरल्या भावाची, कामुएलाची, भाड्याची गाडी नेमकी टेबले मांडायच्या जागेवर उभी होती. ती हलवायला म्हणून तिने खुर्चीवर टाकलेल्या त्याच्या जाकिटातून किल्ली काढली आणि किल्लीबरोबर घडी केलेला कागद बाहेर आला. तिने तो वाचायला नको होता. पण वरच पापांचे नाव होते, आणि आपल्या बापाचे नाव वाचायला तिला कुणाची परवानगी लागणार होती?

'कै. हेझकाया कावेलो यांची गिटार आणि त्या गिटारीची जुळणी,' असे लिहिले होते. गिटार वाइकीकीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात, दर्शनी दालनात, काचेच्या पेटीत राहील. जुळणी, म्हणजे सहा तारांचे सहा सूर, कुटुंबातली व्यक्ती हॉटेलच्या वादकाला शिकवेल. तो वादक पापांसारखा चौकड्यांचा सदरा आणि गवती टोपी घालून रोज संध्याकाळी वाजवेल. खाली सही होती : कामुएला कावेलो, ज्येष्ठ पुत्र.

'ज्येष्ठ पुत्र' हे दोन शब्द तिने पुन्हा वाचले. मग गाडी तिथेच सोडून ती भट्टीकडे निघाली. दोघे भाऊ ओल्या पोत्यांवरची माती थापत होते, जिथून वाफ निसटत होती तिथे फावड्याने बुजवत होते.

"हे काय आहे, दादा?"

कामुएलाने लांबूनच कागद ओळखला. "माझ्या खिशात हात घातलास?"

"तू मेलेल्या बापाच्या खिशात घातलास, त्याचं काय?"

"ताई, हळू. लोक यायला लागतील," पेनी म्हणाला. पेनी सगळ्यांत धाकटा. तो मासेमारी करतो आणि घरात भांडण दिसले की होडी गाठतो. आज होडी दुरुस्तीसाठी उलटी टाकलेली होती, त्यामुळे त्याला जायला जागा नव्हती.

"येऊ देत! सगळ्या मानाएला कळू दे. याच हॉटेलात पापांना मुदपाकखान्याच्या दारानं आत घ्यायचे. विसरलास? पुढच्या दाराशी गेले तर पहारेकरी आडवा यायचा. आणि आता ते मेल्यावर त्यांची गिटार पुढच्या दाराला? कुणी तरी सोंगाड्या त्यांचा सदरा घालून बसणार? वर टोपी पण? लाज नाही वाटली सही करताना?"

"विसरलो नाही, म्हणूनच!" कामुएलाने फावडे जमिनीत रोवले. "पंचवीस वर्षं मी त्या हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलतोय. ज्या दारात माझ्या बापाला अडवलं त्याच दारात मी त्याचं नाव लावणार आहे. तुम्ही वर्षभरात काय केलंत? गिटार पलंगाखाली सारलीत. तिथे झुरळं ऐकतात का संगीत?"

"आणि जुळणी? ती कुणाच्या बापाची म्हणून देऊन टाकलीस?"

"मी कुठे देतोय? ती तू शिकवणार आहेस."

"मी?"

"मग कोण? शेवटची अकरा वर्षं तू राहिलीस त्यांच्याजवळ. तुला येते ना ती?"

नोहेआ त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग एक पायरी उतरला आणि त्याच्या जागी दुसराच, जास्त जुना राग वर आला. "मला काय येते? मला त्यांनी कधी जवळसुद्धा बसू दिलं नाही. तारा लावायच्या झाल्या की म्हणायचे, जा, कोंबड्यांना दाणे टाकून ये. मला वाटलं तुला दिली असेल. थोरल्याला देतात ना. लहानपणापासून मी तेच धरून चालले होते आणि तुझ्यावर जळत होते. मूर्खासारखी!"

"मला?" कामुएला हसला, पण ते हसू बघवत नव्हते. "मला तर त्यांनी घरातच ठेवलं नाही."

मग दोघांनी एकदम पेनीकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघता? मला ते गिटारीला हात लावू देत नसत. म्हणायचे, माशाचा वास लागतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मोलोकाई बेटाच्या आमच्या पूर्व टोकाला, मानाएला, गिटार वाजवणारे प्रत्येक घर आपली जुळणी झाकून ठेवते. वाजवून झाले की गिटार खाली ठेवण्याआधी सगळ्या तारा सैल करायच्या, म्हणजे मागून कुणी हात फिरवला तरी त्याच्या हाती काही लागू नये. जुळणी घरातल्या घरात, एकाला, कानात सांगितल्यासारखी मिळते. पापा तर याबाबतीत सगळ्यांच्या वरताण होते. होनोलुलूला रेकॉर्ड काढतानाही ते भिंतीकडे तोंड करून वाजवत. रेकॉर्ड ऐकून ऐकून चांगल्या चांगल्यांनी सहापैकी पाच सूर शोधले होते. चौथी तार मात्र कुणालाच साधली नाही, आणि ती नसली की पापांचे गाणे कुठल्याही लग्नात वाजते तसे वाजे.

"म्हणजे कुणालाच येत नाही," नोहेआ म्हणाली. आता तिचा आवाज खरोखरच हळू झाला होता. "तीन पोरं आणि एकालाही नाही. बरोबर घेऊन गेले."

"नाही गेले," पेनी म्हणाला. "मी पाहिलं ना. ओसरीवर खुर्चीत गेले ते, गिटार मांडीवर होती. मी त्यांना हलवलं तेव्हा माझा हात तारांना लागला. नीट वाजल्या त्या. लावलेल्याच होत्या."

"मग? मग काय केलंस?"

"काय करणार? पळत जाऊन आत्याला बोलावलं."

*

लुइका आत्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून उकडलेल्या अळकुड्या सोलत होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण हात अळकुड्या कुटून पोई करायच्या दगडासारखे घट्ट. कामुएला तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याला एकदम आठ वर्षांचे झाल्यासारखे वाटले. याच पायरीवर तो वाढला होता. आमच्याकडे ज्याला पोर नाही त्याला भावंड आपले पोर देते, त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही, असे म्हणतात. असे म्हणणाऱ्यांतला कुणी स्वतः दिला गेलेला नसतो. पापांनी पहिला मुलगा पाळण्यातच बहिणीला दिला, आणि त्यानंतर झालेल्या दोघांना घरी ठेवले. कामुएला आत्याला आई म्हणत मोठा झाला. तिच्यावर त्याचा जीव होता, पण ती रस्त्यापलीकडची ओसरी त्याच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही. तिथे पापा वाजवत आणि नोहेआ कोंबड्यांना दाणे टाकी, आणि त्याला वाटे की ती आतली आहे, आपण बाहेरचे.

"आई, पापा गेले त्या दिवशी त्यांच्या मांडीवरून गिटार तू उचललीस?"

"मीच उचलली."

"तारा लावलेल्या होत्या?"

"होत्या."

"मग?"

"मग काय? सैल केल्या आणि ठेवली."

"सैल केल्यास?" नोहेआ त्याच्या पाठीमागून ओरडली. "आत्या! ती शेवटची होती! ती दुसरीकडे कुठेच नव्हती, आणि तू खुंट्या पिळून मोकळी झालीस?"

"उघडी ठेवू? घरात शंभर माणसं मातीला येणार, त्यांच्यापुढे?" आत्याने सालीचा लांब पापुद्रा बादलीत टाकला. "मी गिटार उघडी ठेवत नाही. एकदा ठेवली होती."

तिचे शेवटचे वाक्य कुणी ऐकले नाही. कामुएला पायरीच्या कठड्यावर मूठ आपटत होता. "मी शब्द दिलाय तिकडे! हॉटेलची ती बाई बाराच्या विमानानं येतेय. काय सांगू तिला? आमच्या म्हातारीनं सवयीनं पुसून टाकली म्हणून?"

"म्हातारी कुणाला म्हणतोस?"

"आई, चूक झाली तुझी. कबूल तरी कर."

"अळकुड्या सोल," आत्या म्हणाली. "माणसं जेवायला येणार आहेत."

तो सोलायला बसला नाही. पेनी बसला. आणि ज्या दोघांनी सकाळी एकमेकांचे गळे धरले असते ते बहीण-भाऊ आता एका बाजूला जाऊन म्हातारीविरुद्ध कुजबुजू लागले. आमच्या घराण्यात युती व्हायला एवढाच वेळ लागतो.

*

बाई वेळेवर आली. मिस वॉर्डेल तिचे नाव. बिचारी वाईट नव्हती, आल्या आल्या तिने बूट दाराबाहेर काढले आणि पोईत बोट घालून चाखले. नोहेआला ती वाईट असती तर बरे झाले असते.

भट्टी उघडली. नव्वद माणसे जेवायला बसली. वर्षाच्या या अश्रूंच्या पंगतीचा आमच्याकडे नेम असा, की त्या दिवशी उरलेसुरले रडून घ्यायचे, पोटभर जेवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाच्या नावाने डोळे पुसायचे नाहीत. चर्चच्या बायकांनी पापांची दोन गाणी म्हटली. पलंगाखालून काढलेली गिटार मधल्या टेबलावर, फुलांच्या माळांमध्ये ठेवली होती, तारा लोंबणाऱ्या.

मग मिस वॉर्डेल उठली. तिने पिशवीतून पितळेच्या पाटीचा नमुना काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला : हेझकाया कावेलो, बेटांचा लाडका वादक, ज्याने आपली अद्वितीय जुळणी स्वतःच्या प्रतिभेने निर्माण केली आणि ज्याच्या कुटुंबाने ती प्रेमाने या हॉटेलला—

"काय?"

आत्या लांबच्या टोकाला बसली होती. कामुएलाला वाटले तिला ऐकू गेले नसावे. "आई, पापांच्या नावाची पाटी आहे. नंतर दाखवतो."

"मला ऐकू येतंय. कशानं निर्माण केली म्हणाली ती?"

"प्रतिभेनं," पेनी म्हणाला. त्याच्या घशात मासळीचा घास अडकला होता.

आत्या उठली. तिने पोईचे हात पाण्याच्या भांड्यात धुतले, एकेक बोट पुसले आणि मधल्या टेबलापर्यंत चालत गेली. तिने माळा बाजूला केल्या आणि गिटार घेऊन पापांच्याच खुर्चीत बसली. नोहेआने जन्मात तिला गिटार हातात घेतलेली पाहिली नव्हती.

"आत्या, काय करतेस?"

"प्रतिभा," आत्या म्हणाली आणि जाड तारेची खुंटी पिळू लागली.

तिने भिंतीकडे तोंड केले नाही. सहाही तारा तिने सगळ्यांसमोर लावल्या, कुणाला न विचारता, न चाचपडता, चौथीला फक्त जरा जास्त वेळ घेतला. मग ती वाजवू लागली. बोटे म्हातारी होती, मध्ये मध्ये अडखळत होती. पण पहिल्या दोन ओळींतच नव्वद माणसांच्या पंगतीत एकाही ताटलीचा आवाज येईना, कारण हे पापांचे होते, आणि पापांपेक्षा खरे होते. चौथी तार रेकॉर्डवरच्यापेक्षा किंचित खाली होती आणि तिथे गाणे बसल्यासारखे वाटत होते.

कामुएला पुढे वाकून ऐकू लागला. त्याला हे माहीत होते. पापांच्या रेकॉर्डवरून नव्हे. दुपारची वेळ, चटई, पायरीवर बसलेल्या बाईची पाठ, आणि डोळे मिटता मिटता कानावर पडणारे हे असेच, चौथी तार खाली असलेले. तो चार वर्षांचा असेल. पापांचे वाजवणे ऐकून आपल्याला नेहमी का खुपते, हे त्याला आयुष्यभर कळले नव्हते. त्याने ते मत्सराच्या खात्यावर टाकले होते.

"आई, ही तुझी आहे?"

"माझ्या गिटारीची चौथी खुंटी तुटकी होती," आत्या वाजवायचे थांबवून म्हणाली. "तार वर चढेना. नवी खुंटी मिळायला होनोलुलूला जावं लागायचं, मग बाकीच्या पाच खाली आणून तिच्याशी जुळवल्या. एवढीच प्रतिभा. बारा-तेरा वर्षं मी ती माझ्यापुरती वाजवली. एकदा तुझा बाप, आमचा हेके, जाळं मागायला आला. दारात उभा होता. मी गिटार तशीच ठेवून जाळं आणायला आत गेले. तारा सैल केल्या नाहीत. सख्खा भाऊ होता, त्याच्यापासून काय झाकायचं? परत आले तेव्हा जाळं न घेताच निघून गेला होता. वर्षभरात रेकॉर्ड आली."

"आणि तू बोलली नाहीस?" नोहेआचा चेहरा लाल झाला होता. "चाळीस वर्षं? तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा! आम्हाला कोंबड्यांकडे हाकलायचा! आम्हाला वाटायचं केवढं मोठं गुपित जपतात, आणि ते चोरलेलं होतं?"

"काय बोलू? बहीण जळते म्हणाले असते. तो आला होता एकदा, कपडे पिळायचं यंत्र घेऊन. हाताने फिरवायचं. म्हणाला, लुइका, तुझे हात दुखतात ना. एवढंच म्हणाला. मी ते यंत्र त्याच्या डोळ्यांदेखत कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलं. अजून तिथेच आहे." आत्याने श्वास घेतला. "आणि वाजवायचा माझ्यापेक्षा चांगला, मेला! बेसूर वाजवला असता तर मी भर चर्चमध्ये त्याला उघडा पाडला असता. पण सगळी बेटं त्याच्यासाठी रडायची, आणि ते ऐकून मीही रडायचे, मग स्वतःचाच संताप यायचा."

"म्हणून आम्हाला शिकवली नाही," पेनी हळूच म्हणाला. त्या दिवसातले त्याचे हे एकच शहाणपणाचे वाक्य. "त्यांची नव्हतीच, तर देणार कशी?"

"तेवढी लाज होती त्याला. तेवढी मान्य करते मी."

कामुएला उठून तिच्यासमोर आला. त्याचा आवाज फाटला. "आणि मी? मला दिलं ते कशाबद्दल? ह्याच्याबद्दल? सूर घेतला आणि पोर दिलं?"

"मूर्खा!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की मिस वॉर्डेलच्या हातातली पाटी खाली पडली. "तू आधी आलास, चार वर्षं आधी. तुझ्या आईच्या पायाशी बसून मी तुला मागितलं. तीन दिवस मागितलं. तुला मी मागून घेतलं, कामुएला. सूर त्यानं न विचारता नेला. यातला फरक तुला कळत नसेल तर तुला वाढवण्यात माझी चूक झाली."

 चव्वेचाळीस वर्षांचा पुरुष, नव्वद माणसांसमोर तोंडावर हात ठेवून उभा राहिला. नोहेआने त्याच्या दंडाला धरले, तेही सकाळचा कागद तिच्या खिशात असताना.

मिस वॉर्डेलने पाटी उचलली. तिचे डोळे भरले होते. "पण ही तर त्याहून सुंदर गोष्ट आहे," ती म्हणाली. "आपण पाटीवर दोघांची नावं घालू. मला परवानगी मिळेल. भाऊ आणि बहीण!"

पंगतीत एक प्रकारची कुरकुर उठली, जशी आमच्याकडे भरतीच्या वेळी समुद्राकाठच्या माशांच्या तळ्याच्या भिंतीपाशी उठते. नोहेआने तोंड उघडले होते, पण कामुएला आधी बोलला.

"बाई, त्या कागदावर मी माझ्या बापाची जुळणी देतो म्हणून सही केली. माझ्या बापाला जुळणीच नव्हती. दुसऱ्याचं मला देता येत नाही. आमच्या घरात ते एकदा झालंय, पुरे झालं." मग त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही जेवा. नारळाच्या वड्या आहेत. गिटार येणार नाही."

"आणि तुझं काम?" पेनीने विचारले.

"बॅगा उचलायला मी पुष्कळ ठिकाणी जाऊ शकतो."

आत्याने हे ऐकले, पण मान वर केली नाही. ती खुंट्या उलट्या पिळत होती. एक, दोन, सगळ्या सहा, सावकाश, प्रत्येक तार लोंबेपर्यंत. पंगतीतल्या काहींनी 'अरेरे' म्हटले. नोहेआला वाटले, गेली. आता खरोखर गेली, आणि ही म्हातारी तेवढ्यासाठी उठली होती.

"तिघं इकडे या," आत्या म्हणाली. "बसा. बाकीच्यांनी जेवण करा, इकडे बघायचं कारण नाही."

नव्वद माणसांनी माना ताटलीत घातल्या. पाठमोरे व्हायला आमच्या लोकांना शिकवावे लागत नाही. मिस वॉर्डेलला कुणी तरी खांद्याला धरून वळवले.

"मी विचारून देते आहे," आत्या म्हणाली. "एकेकाला विचारते. हवी आहे?"

पेनीने हात पँटला पुसले, वास घेतला आणि पुन्हा पुसले. "हवी."

कामुएलाने होकाराची मान डोलावली. नोहेआ मात्र तशीच बसून राहिली. टेबलावरच्या पापांच्या तसबिरीकडे ती बघत होती, गवती टोपी, चौकड्यांचा सदरा, ते सगळ्या बेटांना आवडणारे हसू. वर्षभर ती या माणसासाठी रडली होती.

"आत्या, उद्यापासून त्यांच्यासाठी रडायचं नाही ना?"

"नाही."

"आणि रागवायचं?"

"ते सुरू कर," आत्या म्हणाली. "मी चाळीस वर्षं एकटी रागावले. दमले आता. जरा तुम्हीही धरा."

"मग हवी," नोहेआ म्हणाली.

आत्याने गिटार कामुएलाच्या मांडीवर ठेवली आणि त्याचा अंगठा धरून पहिल्या खुंटीवर नेला.

"जाड तारेपासून सुरू कर. कान दे, डोळे नकोत. आणि चौथीशी आलास की थांब, ती मी सांगेन. तुझ्या बापाची शेवटपर्यंत चढीच राहिली."